पेशीला औषधही विषच वाटतं

केमो चालू असलेल्या बाईला भेटायला आलेलं कुणी ना कुणी हमखास म्हणतं, "अंगातलं विष बाहेर पडायला हवं, डिटॉक्स कर." मग ग्लुटाथायोनच्या गोळ्यांचं नाव निघतं. सल्ला प्रेमापोटी दिलेला असतो. अंडाशयाच्या कर्करोगात मात्र तो उलटा पडण्याची भीती आहे.

या आजाराच्या उपचाराचा कणा म्हणजे कार्बोप्लॅटिन आणि सिस्प्लॅटिन ही प्लॅटिनमची औषधं. ती पेशीच्या डीएनएला चिकटून तिची वाढ रोखतात. पण डीएनएपर्यंत पोचण्याआधीच त्यांना वाटेत पेशीतलं ग्लुटाथायोन गाठतं. त्यातलं गंधक प्लॅटिनमला घट्ट धरतं, जीएसटी नावाची एन्झाइम्स या कामाला हातभार लावतात आणि पेशीच्या आवरणातले पंप ही जोडी बाहेर फेकतात. विष काढण्याची हीच रीत आपलं यकृत रोज वापरतं. कर्करोगाची पेशी तीच स्वतःच्या बचावाला लावते. सिस्प्लॅटिनला सहजी दाद न देणाऱ्या अंडाशय-कर्करोगाच्या पेशींत ग्लुटाथायोन १३ ते ५० पट वाढल्याचं १९९२ मध्ये प्रयोगशाळेत दिसलं होतं. केमोच्या काळात अशा गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत, असं मला कळकळीनं वाटतं. रोजच्या जेवणातल्या भाजी-फळांना घाबरायचं मात्र कारण नाही.

आजार उलटला की घरचे म्हणतात, "डोस कमी पडला." बहुतेक वेळा तसं नसतं. पहिल्या उपचाराला बहुतेकींचा आजार चांगली दाद देतो, पण चिवट पेशी मागे उरतात आणि त्याच पुन्हा वाढतात. शेवटच्या प्लॅटिनमनंतर सहा महिन्यांच्या आत आजार परतला, तर त्याला प्लॅटिनम-रेझिस्टंट म्हणतात. यात त्या बाईची काहीही चूक नसते.

"मग जीएसटीची जनुकं तपासून औषध ठरवा," असंही सुचवलं जातं. पण युरोपीय वंशाच्या जवळपास निम्म्या लोकांत त्यांतलं जीएसटीएम१ हे जनुक मुळातच नसतं, आणि ते धडधाकट जगतात. या जनुकांवरून उपचाराचा अंदाज बांधू पाहणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. बीआरसीए या जनुकाची तपासणी मात्र जरूर करून घ्यावी. त्या जनुकात दोष असेल तर पेशीला डीएनए नीट दुरुस्त करता येत नाही, म्हणून प्लॅटिनम आणि ओलापॅरिबसारख्या गोळ्या अधिक लागू पडतात.

जीएसटी या एन्झाइमलाच फितवण्याचा प्रयत्नही झाला. कॅन्फॉस्फामाइड हे औषध असं घडवलं होतं, की जीएसटीनंच ते फोडावं आणि आतलं विष कर्करोगाच्या पेशीत मोकळं व्हावं. कल्पना सुरेख होती, पण प्लॅटिनमला न जुमानणाऱ्या आजारात, तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत ते प्रचलित औषधांपेक्षा सरस ठरलं नाही.