विजयी गुरू आणि त्याचा क्रोध

अमेरिकेतील इंडियाना राज्यात बास्केटबॉल हा नुसता खेळ नव्हे. आपल्या गावच्या फेस्ताला लहानथोर सारी माणसे जशी लोटतात, तशी तेथे हिवाळ्यात शाळा-कॉलेजांच्या सामन्यांना माणसे लोटतात. त्या राज्याच्या विद्यापीठाच्या संघाला एकोणतीस वर्षे शिकविणारे बॉबी नाइट १ नोव्हेंबर २०२३ रोजी वयाच्या ८३ व्या वर्षी ब्लूमिंग्टन येथे निवर्तले. मनुष्य गेल्यावर त्याचे बरे तेवढेच बोलावे, अशी रीत सगळीकडेच आहे. परंतु नाइट ह्यांच्या मृत्यूनंतरही क्रीडारसिकांचे दोन तट कायमच राहिले. एक म्हणे, असा शिक्षक पुन्हा होणे नाही. दुसरा म्हणे, असा शिक्षक पुन्हा न झालेलाच बरा. दोघांच्याही म्हणण्यास आधार आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण विचार करण्याजोगे आहे. गुरूच्या अंगी मोठे कर्तृत्व असेल, तर त्याचा तामसी स्वभाव आपण पोटात घालावा काय? हा प्रश्न अमेरिकेपुरता नाही. ज्या घरात बाप आहे आणि ज्या गावात शाळा आहे, तेथे तो आहेच.

प्रथम हा खेळ कोठून आला, ते पाहू. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए. च्या प्रशिक्षणशाळेत जेम्स नेस्मिथ ह्या शिक्षकाने तो निर्माण केला. नेस्मिथ धर्मशास्त्र शिकलेले होते. हिवाळ्यात बंद दालनात तरुणांना खेळता यावे आणि त्यात धसमुसळेपणा नसावा, म्हणून त्यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या उंच टांगल्या आणि तेरा नियम लिहून काढले. तरुणांच्या अंगी ख्रिस्ती शील बाणावे, हा त्यांचा हेतू होता. पुढे ते कॅन्सस विद्यापीठात शिकवू लागले. तेथे त्यांच्या संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. ज्याने खेळ निर्माण केला, त्याच्याच खात्यावर जयांपेक्षा पराजय अधिक! त्याची त्यांना खंत वाटली असेल, असे त्यांच्या चरित्रावरून दिसत नाही.

नाइट ह्यांचे खाते ह्याच्या अगदी उलट. ओहायो राज्यातील ऑरव्हिल ह्या लहानशा गावात ते वाढले. १९६५ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयाच्या संघाचे ते मुख्य प्रशिक्षक झाले. १९७१ साली ते इंडियानास आले. १९७६, १९८१ व १९८७ अशी तीन वर्षे त्यांच्या संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांपैकी १९७६ च्या संघाने ३२ सामने खेळून ३२ ही जिंकले. १९८४ साली लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक क्रीडासामन्यांत अमेरिकेच्या ज्या संघाने सुवर्णपदक जिंकले, त्याचेही प्रशिक्षक तेच होते. २००८ साली त्यांनी काम सोडले, तेव्हा त्यांच्या नावावर ९०२ विजय होते. तोवर त्या दर्जाच्या पुरुषसंघांच्या कोणत्याही प्रशिक्षकास इतके विजय लाभले नव्हते.

हे यश दैवाने आलेले नव्हते. पाठ केलेल्या ठरावीक चाली खेळाडूंकडून गिरवून घेण्यात त्यांना समाधान नसे. पाचही जणांनी सतत हलत राहावे, समोरचा काय करतो ते डोळ्यांनी वाचावे आणि त्याप्रमाणे चेंडू द्यावा, अशी त्यांची शिकवण होती. स्वतःचा प्रतिस्पर्धी प्रत्येकाने स्वतः रोखावा, ह्यावर त्यांचा कटाक्ष असे. म्हणजे खेळाडूने पायांइतकाच डोक्याचा उपयोग करावा, हा त्यांचा आग्रह होता.

आता दुसरी बाजू. १९७९ साली पोर्तोरिको येथे पॅन-अमेरिकन सामन्यांच्या वेळी सरावाच्या जागेवरून एका पोलिसाशी त्यांची झटापट झाली, आणि तेथील न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना दोषी ठरविले. २३ फेब्रुवारी १९८५ रोजी पर्ड्यू विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात पंचांच्या निर्णयावर संतापून त्यांनी प्लॅस्टिकची एक खुर्ची उचलली व भर क्रीडांगणात फेकली. सारा देश पाहत होता. सरावाच्या वेळी खेळाडूंना ते ज्या शब्दांनी बोलत, ते शब्द ह्या पत्रात छापता येणार नाहीत.

त्यांचे चाहते ह्यावर काय म्हणतात, ते प्रामाणिकपणे ऐकले पाहिजे. ते म्हणतात: इतर विद्यापीठांत खेळाडूंना चोरून पैसे दिले जात असताना नाइट ह्यांनी नियम मोडला नाही. खेळाडूने वर्गात बसलेच पाहिजे, असा त्यांचा दंडक होता, आणि चार वर्षे टिकलेले त्यांचे बहुतेक सर्व खेळाडू पदवी घेऊन बाहेर पडले. विद्यापीठाच्या ग्रंथालयासाठी त्यांनी निधी उभा केला. १९८१ च्या विजयी संघातील लँडन टर्नर हा तरुण त्याच वर्षी मोटारअपघातात सापडून पंगू झाला, तेव्हा नाइट ह्यांनी त्याच्या उपचारांसाठी पैसे जमविले. एवढेच नव्हे, पुढच्या वर्षी बोस्टन सेल्टिक्स ह्या नामांकित व्यावसायिक संघाने, हा मुलगा पुन्हा खेळू शकणार नाही हे ठाऊक असूनही, आपल्या निवडयादीत त्याचे नाव घातले. त्यामागेही नाइट ह्यांचाच शब्द होता. हे कृत्य दयेचे होते, आणि ते नाकारणे अन्यायाचे होईल.

विरोधक काय म्हणतात, ते नील रीड ह्या खेळाडूच्या कथेवरून कळते. १९९७ साली तो संघ सोडून गेला. २००० च्या मार्च महिन्यात त्याने उघड सांगितले की, सरावाच्या वेळी गुरुजींनी माझा गळा धरला होता. नाइट ह्यांनी ते नाकारले. मग काय विचारता! विजयाने दिपलेल्या पुष्कळ लोकांनी त्या तरुणालाच खोटे ठरविले. एप्रिलमध्ये त्या सरावाची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. हात गळ्याकडे गेलेला साऱ्यांनी पाहिला. रीड पुढे कॅलिफोर्नियात शाळेत शिक्षक व प्रशिक्षक झाला, आणि २०१२ साली अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हृदयविकाराने वारला. गुरूने गळा धरला ही एक जखम. खरे बोलल्यावर गावाने खोटे म्हटले ही दुसरी. ह्या दोहोंत अधिक खोल कोणती, ते वाचकांनीच ठरवावे.

विद्यापीठाने नाइट ह्यांना दंड केला आणि ह्यापुढे एकही आगळीक खपवून घेतली जाणार नाही, अशी ताकीद दिली. सप्टेंबरात एका विद्यार्थ्याने त्यांना नुसत्या आडनावाने हाक मारली. नाइट ह्यांनी त्याचा दंड धरून त्याला रीतभात सुनावली. वडीलधाऱ्यांना आदराने हाक मारावी, हे त्यांचे म्हणणे आपल्यापैकी कोणीही मान्य करील. पण आदर शिकविणाऱ्याने दुसऱ्याच्या अंगावर हात टाकला, की शिकवण तेथेच संपते. १० सप्टेंबर २००० रोजी त्यांना काढून टाकण्यात आले. त्या रात्री विद्यार्थ्यांचा मोठा जमाव विद्यापीठाच्या अध्यक्षांच्या घरावर चालून गेला, आणि ज्या मुलाचा दंड धरला गेला होता, त्यालाच धमक्या आल्या.

ह्याच इंडियाना राज्यात, मार्टिन्सव्हिल गावच्या शाळेत खेळून मोठे झालेले दुसरे एक प्रशिक्षक होते. त्यांचे नाव जॉन वूडन. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठाच्या संघास त्यांनी १९६४ ते १९७५ ह्या बारा वर्षांत दहा वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. हंगामाच्या पहिल्या दिवशी ते खेळाडूंना पायमोजे कसे घालावेत ते शिकवीत. मोज्यास सुरकुती राहिली तर पायाला फोड येतो, फोड आला की सराव बुडतो. त्यांच्या अखेरच्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी सरावाच्या वेळचे त्यांचे बोलणे टिपून ठेवले. त्यात सुमारे तीन चतुर्थांश भाग हे काय करावे व कसे करावे, ह्याचे साधे मार्गदर्शन होते. स्तुती थोडी, आणि रागावणेही थोडेच. वूडनही निर्दोष नव्हते. पंचांना ते बाकावरून टोचून बोलत, आणि एक धनिक चाहता खेळाडूंना नियमाबाहेर देणग्या देत असता त्यांनी तिकडे कानाडोळा केला, असा आक्षेप त्यांच्यावर आहे. त्या बाबतीत नाइट ह्यांचे पारडे जड. पण मुलांना अपमानित केल्यावाचून जिंकता येत नाही, हे मत मात्र वूडन ह्यांच्या दहा विजयांपुढे टिकत नाही.

नाइट ह्यांच्याच आयुष्यात ह्याचा आणखी एक पुरावा आहे. १९८७ नंतर त्यांना राष्ट्रीय अजिंक्यपद पुन्हा लाभले नाही. क्रोध मात्र पूर्वी होता तेवढाच राहिला. क्रोधाने विजय येत असता, तर तो पुढेही यावयास हवा होता. विजय आला तो ज्ञानाने, तयारीने व शिस्तीने. श्रेय मात्र लोकांनी क्रोधाच्या पदरात टाकले. आपल्याकडेही हेच होते. एखादे शिक्षक तळमळीने शिकवितात आणि निर्दयपणे मारतातही. मुले पास झाली की, पालक म्हणतात, "मारामुळे झाली." तळमळीचा कोणी विचारच करीत नाही.

कोणी म्हणेल, प्रभू येशूनेही मंदिरात आसूड उगारला होता. होय, पण तो देवाच्या घराचा बाजार करणाऱ्यांवर. पेत्राने त्याला तीनदा नाकारले, तेव्हा प्रभूने वळून त्याच्याकडे नुसते पाहिले, आणि पेत्र बाहेर जाऊन रडला. बापांनी मुलांना चिडीस आणू नये, नाही तर ती खचून जातील, असे संत पौल कलस्सैकरांस बजावतो. संत जॉन बॉस्को ह्यांना वयाच्या नवव्या वर्षी पडलेल्या स्वप्नात, भांडणाऱ्या मुलांना ठोशांनी नव्हे तर सौम्यतेने जिंकावे, असा आदेश मिळाला. त्यांचे सारे कार्य त्या पायावर उभे राहिले. १८८४ साली त्यांनी रोमहून आपल्या सहकाऱ्यांना कळविले की, मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही. आपल्यावर प्रेम केले जात आहे, हे मुलांना कळले पाहिजे. नाइट ह्यांचे टर्नरवर प्रेम होते, ते त्याला कळले. रीडला काय कळले?

८ फेब्रुवारी २०२० रोजी, जवळजवळ वीस वर्षांनी, वृद्ध व थकलेले नाइट आपल्या जुन्या खेळाडूंच्या आधाराने त्या क्रीडागृहात परत आले. हजारो लोक उभे राहिले, कित्येकांचे डोळे पाणावले. हे योग्यच झाले. क्षमा करण्यास कोणाची मनाई? परंतु क्षमा करणे म्हणजे दोषास गुण म्हणणे नव्हे. क्षमा करणारा दोषाला दोष म्हणतो आणि मग माणसाला जवळ घेतो. भक्त बनलेला चाहता दोष पाहतच नाही. आणि मग त्या दोषाचे ओझे कोणा तरी दुबळ्याच्या माथी बसते.

तेव्हा, वाचकहो, आपल्या मुलांचा शिक्षक निवडताना वा वाखाणताना निकालाबरोबर हेही पाहा, की मुले त्याच्याजवळ शंका विचारावयास जातात की त्याला पाहून वाट बदलतात. शाळेत शारीरिक शिक्षा करण्यास २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी आहे, हे ध्यानात असू द्या. पण घरात कायद्याचा शिपाई येत नाही; तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच पहारा करील. आणि उद्या एखादे लेकरू घरी येऊन, गावाने मानलेल्या मोठ्या माणसाविरुद्ध काही सांगू लागले, तर "असे होणेच शक्य नाही" हे शब्द ओठांवर येण्याआधी त्याला जवळ बसवून घ्या, आणि त्याचे सारे म्हणणे ऐकून घ्या.