वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले पंधरा दिवस : घराने आणि शाळेने काय समजून घ्यावे



आज आपण थोडा वेगळा विषय पाहणार आहोत. वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजेच बॅरिअॅट्रिक सर्जरी, आता फक्त मुंबई-पुण्याच्या लोकांची गोष्ट राहिलेली नाही. आपल्या उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावातलेही लोक नांदेड, नागपूर, हैदराबाद, पुणे इथे जाऊन ती करून येतात. कुणाच्या वर्गातल्या मुलाची आई असते, तर कुणाच्या स्टाफरूममधले सहकारी. ऑपरेशन मोठ्या शहरात होतं, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस घरी येतो आणि पुढची सगळी काळजी घरच्यांनाच घ्यावी लागते. भेटायला येणारे प्रेमाने डबे आणतात, "काहीतरी खा, किती अशक्त झालात" म्हणतात. नेमकं हेच प्रेम त्या दिवसांत त्रासाचं ठरू शकतं. म्हणून आधी पोटात काय बदललं ते समजून घेऊ, मग काळजीकडे वळू.

१) ऑपरेशनमध्ये नेमकं काय होतं?

आपल्या जठरात साधारण एक ते दीड लीटर अन्न मावतं. "स्लीव्ह" प्रकारच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग काढून टाकतात. उरतं ते शर्टाच्या बाहीसारखं लांबट, अरुंद जठर. त्यात सुरुवातीला १०० ते १५० मिली एवढंच मावतं, म्हणजे चहाचा एक कप. "बायपास" प्रकारात जठराची सुमारे ३० मिलीची छोटी पिशवी करतात आणि ती लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात.

दोन्ही शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीने होतात. पोटावर चार-पाच छोटी छिद्रं दिसतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, "एवढंच होय!" पण आत जठरावर पिनांची, टाक्यांची लांबच लांब रांग असते. बाहेरची जखम आठवड्यात सुकते, आतली रांग भरायला मात्र काही आठवडे लागतात. पहिल्या दिवसांतले खाण्यापिण्याचे जवळजवळ सगळे नियम या आतल्या रांगेला ताण पडू नये म्हणून आहेत.

आणखी एक गोष्ट. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं. स्लीव्हमध्ये तोच भाग काढला जातो, म्हणून बऱ्याच जणांना सुरुवातीला भूकच लागत नाही. "भूक नाही म्हणजे आजार वाढला" असं समजून घाबरू नका. पण भूक नाही म्हणून पिणं थांबवूही नका.

२) आपल्या माहितीतली दोन उदाहरणं

नागपूरचे नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली. त्यावेळी ते भाजपचे राष्ट्रीय अध्यक्ष होते. तेव्हापासून आपल्या विदर्भात या ऑपरेशनचं नाव घरोघरी ऐकू येऊ लागलं. योग्य तयारी आणि देखरेख असेल तर माणूस पुन्हा पूर्ण कामाला लागतो, हे लोकांनी पाहिलं.

दुसरं उदाहरण इजिप्तच्या इमान अहमद यांचं. त्यांचं वजन सुमारे ५०० किलो असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्यांना विमानाने मुंबईत आणलं आणि मार्च महिन्यात सैफी हॉस्पिटलमध्ये त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली. वजन पुष्कळ उतरलं. पुढे त्यांना अबू धाबीला नेण्यात आलं आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांचं निधन झालं. त्या अनेक वर्षं अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि त्यांना इतरही गंभीर आजार होते. त्यामुळे त्यांच्यावरून सर्वसामान्य रुग्णाचा अंदाज बांधू नये. तरीही एवढं नक्की कळतं की वजन उतरणं हा उपचाराचा एक भाग झाला, बाकीचं शरीर सांभाळणं हे वेगळं आणि लांबचं काम आहे.

३) दवाखान्यातले पहिले दोन-तीन दिवस

● चालणं : ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळीच नर्स उठवून चालवतात. नातेवाईक म्हणतात, "अहो, आत्ताच ऑपरेशन झालंय, झोपू द्या ना!" पण पडून राहिलं तर पायाच्या शिरांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात, आणि अशी गुठळी फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. म्हणून चालणं हे इथे औषधच आहे. काहींना रक्त पातळ ठेवण्याची इंजेक्शनं घरी आल्यावरही काही दिवस घ्यावी लागतात, ती मध्येच सोडू नयेत.

● श्वासाचा व्यायाम : तीन चेंडूंचं छोटं प्लास्टिकचं यंत्र देतात. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे. पोट दुखतं म्हणून माणूस उथळ श्वास घेतो, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट फुगत नाही आणि तिथे संसर्ग होऊ शकतो. हे यंत्र घरी आणल्यावर मुलांच्या खेळण्यात टाकू नका, वापरा.

● खांदा दुखणं : ऑपरेशन पोटाचं आणि दुखतो खांदा, याचं अनेकांना नवल वाटतं. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवतात. थोडा वायू आत राहतो आणि श्वासपटलाला डिवचतो. त्या भागाची आणि खांद्याची संवेदना नेणाऱ्या नसा मणक्यात एकाच ठिकाणी पोहोचतात, म्हणून मेंदूला वाटतं खांदाच दुखतोय. चालल्याने दोन-तीन दिवसांत हे कमी होतं. कमी होण्याऐवजी वाढत गेलं, तर मात्र खालची धोक्याची यादी पाहा.

● वजनकाटा : सलाईनमुळे पहिल्या दोन दिवसांत काटा थोडा वरही दिसू शकतो. रोज काट्यावर उभं राहू नये.

४) पाण्याचं गणित

हा भाग वर्गात "धारकता" शिकवताना खरंच वापरता येईल. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीबरोबर येणारं मापाचं टोपण घ्या. त्यात ३० मिली पाणी मोजून एका ग्लासात ओता. रुग्णाने दर १५ मिनिटांनी एवढंच प्यायचं आहे, तेही एका घोटात नाही, चमच्या-चमच्याने.

आता हिशेब करू. तासाला चार वेळा ३० मिली, म्हणजे १२० मिली. माणूस दिवसाचे १४ तास जागा असला तर १२० × १४ = १६८० मिली. म्हणजे दीड लीटरच्या वर पाणी पोटात गेलं, आणि एकदाही पोटावर ताण आला नाही! दुपारपर्यंत काहीच प्यायलं नाही आणि मग भरून काढू म्हटलं, तर ते शक्य नाही, कारण एका वेळी तेवढं मावतच नाही. ऑपरेशननंतर घरी आलेल्यांना परत दवाखान्यात भरती करावं लागतं, त्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे शरीरातलं पाणी कमी होणं. लघवी गडद पिवळी होणं, तोंड कोरडं पडणं, उठल्यावर गरगरणं या त्याच्या खुणा आहेत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर हे जास्तच जपायला हवं.

स्ट्रॉने पिऊ नये, हवा आत जाते. सोडा आणि कोल्ड्रिंक बंद.

५) काय घ्यायचं, काय नाही?

प्रत्येक सर्जनचा तक्ता थोडा वेगळा असतो आणि आपल्या सर्जनचाच तक्ता पाळायचा. साधारण क्रम असा असतो :

● पहिले एक-दोन दिवस : पाणी, पातळ गाळलेलं सूप, बिनसाखरेचं पारदर्शक पेय.
● त्यानंतर साधारण दोन आठवड्यांपर्यंत : सर्व पातळ पदार्थ. साय काढलेलं दूध, पातळ ताक, मुगाचं गाळलेलं कढण, डॉक्टरांनी सांगितलेली प्रथिनांची पावडर.
● पुढचे दोन आठवडे : मिक्सरमधून काढलेलं मऊसूत अन्न.
● नंतर मऊ अन्न, आणि सहा ते आठ आठवड्यांनी हळूहळू नेहमीचं जेवण, पण अगदी थोडं आणि चावून चावून.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपल्याकडे आजारी माणसाला वरणाचं पाणी आणि भाताची पेज देतात. पोटाला ती हलकी आहे, हे खरं. पण वरणाच्या वरच्या पाण्यात प्रथिनं फारच थोडी आणि पेजेत मुख्यतः पिष्ट असतं. रुग्णाला मात्र दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त प्रथिनं लागतात. एक लीटर दुधातून जेमतेम ३०-३२ ग्रॅम मिळतात. म्हणूनच डॉक्टर पावडर लिहून देतात. ती "कंपनीची जाहिरात" समजून बाजूला ठेवू नका. प्रथिनं कमी पडली तर जखम भरायला वेळ लागतो आणि चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

शिरा, लाडू, गुळाचा चहा, आमरस या दिवसांत नको. विशेषतः बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, पोटात कळ आणि जुलाब असा त्रास होऊ शकतो. ठेचा आणि भाकरीलाही थोडं थांबावंच लागेल.

६) औषधांबाबत तीन गोष्टी

पहिली, मधुमेह. ऑपरेशननंतर काही दिवसांतच, वजन उतरण्याच्या आधीच, साखर खाली येऊ लागते. जुनीच गोळी किंवा इन्सुलिन जुन्याच मात्रेत चालू ठेवलं तर साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचंही तसंच. नवीन मात्रा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दुसरी, वेदनाशामक. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणू नका. त्यांनी जठराला किंवा जोडाला व्रण पडू शकतात.

तिसरी, जीवनसत्त्वं. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या कायम घ्याव्या लागतात. "आता बरं वाटतंय" म्हणून त्या बंद करायच्या नसतात. सतत उलट्या होत असतील तर बी-१ कमी पडून मेंदूला आणि नसांना इजा होऊ शकते, म्हणून उलट्या अंगावर काढू नयेत.

७) धोक्याची यादी

पुढीलपैकी काहीही दिसलं तर "सकाळी बघू" म्हणू नका. लगेच सर्जनला फोन करा :

१. शांत बसलेलं असतानाही नाडी मिनिटाला १२० च्या आसपास किंवा त्याहून जास्त
२. ताप, थंडी वाजणं
३. पोटात वाढत जाणारी कळ, किंवा डाव्या खांद्यात वाढत जाणारी वेदना
४. पाण्याचा घोटही न टिकणं, सतत उलट्या
५. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच
६. दम लागणं, छातीत दुखणं
७. एकाच पोटरीला सूज आणि दुखणं

टाक्यांच्या रांगेतून गळती झाली तर सुरुवातीला ताप नसूही शकतो. बऱ्याचदा सर्वांत आधी नाडीच जलद होते. म्हणून घरातल्या एकाने तरी नाडी मोजायला शिकावं. पाचवीतलं मूलही घड्याळ लावून हे करू शकतं.

श्वास लागला किंवा माणूस बेशुद्ध झाला तर १०८ ला फोन करा. गावातल्या दवाखान्यात गेल्यावर पहिलं वाक्य हेच सांगा, "यांचं जठराचं ऑपरेशन झालंय." डिस्चार्ज कार्ड दाखवा, आणि नाकातून पोटात नळी घालायची वेळ आली तर आधी सर्जनशी बोलून घ्यायला सांगा.

ऑपरेशन करून लांबून गाडीने घरी येताना दर तासाला थांबून पाच मिनिटं चालावं, आणि चमच्या-चमच्याने पाणी पीत राहावं.

८) घरातली मुलं आणि आपली शाळा

आई घरी आली की लहान मूल धावत जाऊन अंगावर उडी मारतं. पण चार ते सहा आठवडे जड उचलायचं नसतं, म्हणजे मुलाला कडेवर घेणंही नाही. मुलाला हे आधीच सांगा, "आईच्या पोटात टाके आहेत, तू शेजारी बस, हात धर." एवढं त्याला कळतं. दर १५ मिनिटांनी आईला पाण्याची आठवण करण्याचं काम त्याच्याकडे दिलं तर त्यालाही आपण मदत केल्यासारखं वाटतं.

पहिल्या आठवड्यांत रुग्णाला कारण नसताना रडू येणं, "हे मी काय करून बसले" असं वाटणं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं. खाणं हा आपल्या सणावाराचा, गप्पांचा भाग असतो आणि तोच अचानक तुटतो. अशा वेळी उपदेश नको, सोबत हवी. उदासी टिकून राहिली तर डॉक्टरांना जरूर सांगा.

शिक्षकांसाठी वेगळं सांगायचं तर, कामावर परतायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. वैद्यकीय रजा आणि फिटनेस प्रमाणपत्राची तयारी आधीच करून ठेवा. आपल्यापैकी अनेकांना शाळेत दिवसभर पाणी न पिण्याची सवय असते, ती आता चालणार नाही. तास ३५ मिनिटांचा असेल तर त्यात दोनदा बाटली उघडायची आहे. मुख्याध्यापकांनी अशा सहकाऱ्याला काही दिवस खुर्ची द्यावी, परिपाठाला उभं ठेवू नये, आणि स्टाफरूममध्ये "किती किलो उतरलं?" ही चौकशी थांबवावी.

आणि वर्गात "जाड्या", "ढोल्या" ही हाक ऐकू आली तर ती तिथेच थांबवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १०० पैकी सुमारे २४ स्त्रिया आणि २३ पुरुष जादा वजनाचे आढळले. लठ्ठपणामागे आनुवंशिकता, संप्रेरकं, काही औषधं, झोप आणि आहार अशी अनेक कारणं असतात. त्याला फक्त आळस म्हणणं शास्त्राला धरून नाही. ज्या मुलाची आई ऑपरेशन करून घरी आली आहे, त्याच्या कानावर ती हाक पडली तर त्याला काय वाटेल, याचा विचार आपणच करायला हवा.

पालकहो, तुमच्या घरात किंवा नात्यात कुणाचं हे ऑपरेशन ठरलं असेल, तर सातव्या मुद्द्यातली यादी वहीच्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा, वर सर्जनचा फोन नंबर लिहा आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. भेटायला येणाऱ्यांनाही ती वाचता येईल, आणि शिऱ्याचा डबा आपोआप परत जाईल!