प्रश्नावलीचे गुण म्हणजे निदान नव्हे

काही काळापूर्वी एक माता नऊ वर्षांच्या मुलास घेऊन आमच्या चिकित्सालयात आली. तिने स्वतः भरलेल्या वर्तन-प्रश्नावलीतील गुणांची बेरीज धोक्याच्या रेषेपलीकडे गेली होती. ‘‘डॉक्टर, याला बायपोलरच असेल ना?’’ हा तिचा प्रश्न होता.

पालकांनी भरावयाच्या ‘चाइल्ड मॅनिया रेटिंग स्केल’मध्ये २१ प्रश्न असतात. ‘चाइल्ड बिहेवियर चेकलिस्ट’मधील लक्ष, आक्रमकता व चिंता-नैराश्य या तिन्ही गटांतील उच्च गुण एके काळी बालवयीन द्विध्रुवी विकाराचे चिन्ह मानले गेले, पुढे ते भावनानियमनातील सर्वसाधारण अडचणीचे द्योतक ठरले. अमेरिकेत १९९४-९५ ते २००२-०३ या काळात मुलांच्या बाह्यरुग्ण भेटींत या निदानाचे प्रमाण सुमारे ४० पट वाढले. अखेर सततच्या तीव्र चिडचिडीसाठी २०१३ मध्ये ‘डीएसएम-५’ने स्वतंत्र निदान दिले.

गणित साधे आहे. समजा, १००० मुलांत १० रुग्ण आहेत. प्रश्नावली रुग्णांपैकी ८० टक्के ओळखते आणि इतरांपैकी १० टक्क्यांस चुकीने रुग्ण ठरवते. म्हणजे ८ खऱ्या रुग्णांबरोबर हा विकार नसलेली ९९ मुलेही यादीत येतील.

चरकाचार्यांनी उन्मादात मन, बुद्धी, शील, चेष्टा, आचार इत्यादींचा विभ्रम सांगितला आहे. विभ्रम ओळखण्यास बालकाचा मूळ स्वभाव ठाऊक हवा. म्हणून बदल ठराविक काळापुरता येतो काय, झोप घटूनही उत्साह टिकतो काय, कुलवृत्तात असा विकार आहे काय, हे विचारावे. उपरोक्त बालकाची चिडचिड बारमाही होती. तो रात्री घोरत असे व तोंडाने श्वास घेत असे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठविले असता वाढलेले अ‍ॅडेनॉइड आढळले. उपचारानंतर झोप सुधारली, चिडचिडही ओसरली. आम्ही केवळ बेरीज पाहिली असती, तर एका बालकावर आयुष्यभराचा शिक्का बसला असता.

याउलट, खरा संशय असल्यास विलंब नको. बालक मरणाची भाषा बोलत असेल, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आयुर्वेदातील मानसरोग विषयाचे पदव्युत्तर पदवीधर मानसिक आरोग्य व्यावसायिक ठरतात, केवळ बी.ए.एम.एस. पदवीने तो अधिकार मिळत नाही.

औषधविक्रेते बंधूंनीही दक्ष राहावे. लिथियम घेणाऱ्या रुग्णास आयबुप्रोफेन देऊ नये. वैद्यांनी विरेचन योजू नये. दोहोंमुळे रक्तातील लिथियम घातक पातळीस पोहोचू शकते. चालू औषध परस्पर बंद करण्याचा सल्लाही कोणी देऊ नये.

प्रश्नावली दार ठोठावते. आत कोण आहे, हे पाहणे वैद्याचे काम आहे.