नौकेची पत्रिका आणि नौकेचा स्वभाव

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, असें आपले वाडवडील सांगून गेले. त्याला 'नौका पाहावी विकत घेऊन' अशी पुस्ती जोडावी, असें मला अलीकडे वाटूं लागलें आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर साउदॅम्प्टन येथें नोकरीनिमित्त राहणाऱ्या माझ्या पुतण्यानें एके दिवशीं कळविलें, "काका, आम्ही शिडाची एक जुनी नौका घेत आहों. दोन वर्षांनीं मुलांना घेऊन बिस्केच्या उपसागरांतून स्पेनला जाण्याचा बेत आहे." सोबत छायाचित्रें होतीं. ऐसपैस दिवाणखाना, निजावयाच्या दोन खोल्या, झकपक स्वयंपाकघर! घरांतील मंडळींना नवा फ्लॅट पाहिल्याचा आनंद झाला. वहिनींनीं, म्हणजे पुतण्याच्या आईनें, मात्र एकच प्रश्न केला: "वादळांत ही उलटली तर पुन्हां सरळ होते का?"

त्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां जें हातीं लागलें, तें वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रश्न कांहीं उगाच भित्र्या मनाचा नव्हता. ऑगस्ट १९७९ मध्यें इंग्लंड व आयर्लंड यांमधील समुद्रांत फास्टनेट नांवाची शर्यत चालूं असतां भयंकर वादळ झालें. ३०३ नौका निघाल्या होत्या, ८५ पोंचल्या. शर्यतींतील १५ जणांना प्राणांस मुकावें लागलें. चोवीस नौका त्यांवरील माणसांनीं सोडून दिल्या. आणि आश्चर्य असें कीं, त्यांतील एकोणीस मागाहून तरंगतांना सांपडल्या! नौका टिकली, पण आंतील माणूस टिकाव धरूं शकला नाहीं. सुरक्षितता आणि सुखसोय या दोन निराळ्या गोष्टी नव्हेत, हा धडा येथें मिळतो. ज्या नौकेंत माणसाला झोंप नाहीं, पोटांत अन्न ठरत नाहीं, तेथें तिसऱ्या दिवशीं त्याची बुद्धि चालत नाहीं. आणि बुद्धि चालेनाशी झाली म्हणजे समुद्र क्षमा करीत नाहीं.

या आपत्तीनंतर नौकेची परीक्षा आंकड्यांनीं करण्याची एक सोपी रीत प्रचारांत आली. नौकेची जास्तींत जास्त रुंदी फुटांत घ्यावी. तिचें वजन पौंडांत घेऊन त्याला ६४ नें भागावें, कारण एक घनफूट खारें पाणी सुमारें ६४ पौंड भरतें. या भागाकाराचें घनमूळ काढून त्यानें रुंदीस भागावें. उत्तर २ पेक्षां कमी आलें तर नौका दूरच्या प्रवासास योग्य समजावी. तात्पर्य, फार रुंद आणि फार हलकी नौका संशयास्पद. रुंद नौका सहजीं कलत नाहीं हें खरें. पण एकदां पालथी झाली कीं तीच रुंदी तिला उताण्या कांसवासारखी पालथीच धरून ठेवते.

दुसरा आंकडा सुखाचा. टेड ब्रुअर या नौकारचनाकारानें तो काहींशा विनोदानेंच सुचविला, परंतु तो रूढ झाला. पाणरेषेवरील लांबीचे सात दशांश आणि एकूण लांबीचे तीन दशांश यांची बेरीज करावी, तिला ०.६५ नें आणि रुंदीच्या १.३३ व्या घातानें गुणावें; आणि या गुणाकारानें नौकेच्या पौंडांतील वजनास भागावें. पोटांत ढवळतें तें केवळ डोलण्यानें नव्हे, तर डोलतांना बसणाऱ्या झटक्यानें. जड व अरुंद नौका लाटेवर सावकाश चढते, सावकाश उतरते. हलकी व रुंद नौका बुचासारखी उडते. वीस ते तीस हा आंकडा किनाऱ्यालगतच्या प्रवासी नौकांचा, तीस ते चाळीस महासागरी नौकांचा, असें स्थूलमानानें समजतात.

तिसरी गोष्ट वेगाची. नौका चालूं लागली म्हणजे तिच्यापुढें एक लाट उठते, आणि वेगाबरोबर त्या लाटेची लांबी वाढत जाते. ती नौकेच्या पाणरेषेइतकी झाली कीं नौका स्वतःच्याच लाटेच्या खळग्यांत अडकते. म्हणून पाणरेषेच्या फुटांतील लांबीचें वर्गमूळ घेऊन त्यास १.३४ नें गुणिलें असतां जड नौकेच्या वेगाची साधारण मर्यादा, तासाला इतके सागरी मैल, अशी निघते.

आतां तुलना पाहूं. इंग्लंडमध्यें १९७१ पासून बांधली गेलेली कॉन्टेसा ३२ ही नौका लांबीनें ३२ फूट, पाणरेषेवर २४ फूट, रुंदीनें साडेनऊ फूट आणि वजनानें ९,५०० पौंड. तिचा पहिला आंकडा १.७९, दुसरा २७.७, वेगमर्यादा सुमारें ६.६. पुतण्यानें पसंत केलेली नौकाही ३२ फुटांचीच. पण पाणरेषा २९, रुंदी ११, वजन १०,००० पौंड. तिचे आंकडे २.०४, २१ आणि ७.२. म्हणजे दुसरी दिवसभरांत चौदा-पंधरा मैल अधिक जाईल, दिवाणखानाही मोठा देईल. पण त्याचें मोल वादळांत मोजून घेईल. १९७९ च्या त्या शर्यतींत सर्वांत लहान नौकांच्या वर्गांतून एकच नौका शेवटपर्यंत पोंचली, आणि ती कॉन्टेसा ३२ होती.

इतकें वाचून कोणी म्हणेल, मग काय, आंकडे मांडावे आणि पैसे मोजावे! पण पत्रिकेंत छत्तीस गुण जुळले म्हणून स्वभाव जुळतोच असें नाहीं. पहिल्या आंकड्यांत केवळ रुंदी व वजन येतें. वजन कोठें आहे हें येत नाहीं. बुडाच्या कण्याला जोडलेलें टनभर शिसें आणि डोलकाठीच्या शेंड्यावर टांगलेलें टनभर शिसें, दोहोंचें उत्तर एकच! म्हणून नौका किती अंशांपर्यंत कलली तरी परत सरळ होते, हें तिच्या रचनाकाराच्या आलेखावरून निराळें विचारावें. शिवाय विक्रेता सांगतो तें वजन रिकाम्या नौकेचें असतें. चार माणसांचें वीस दिवसांचें पाणी, दररोज माणशीं तीन लिटर धरलें तरी, २४० किलो होतें; त्यावर धान्य, इंधन, नांगर, साखळी. जी नौका रिकामी असतां चपळ, ती संसार भरल्यावर मंद होते, आणि हलक्या नौकेला हा भार अधिक जाचतो.

म्हणून शेवटची परीक्षा समुद्रावरच. विक्रेत्याच्या मध्यस्थानें शांत रविवार सुचविला होता. सूनबाईनें तो नाकारला. "चांगल्या हवेंत सगळ्याच नौका चांगल्या," असें म्हणून तिनें तासाला अठरा-वीस सागरी मैलांचा वारा असलेला दिवस निवडला. वाऱ्याच्या तोंडावर नौका पंचवीस अंश कलली असतां ती चहा करावयास खालीं गेली. ज्या ऐसपैस दिवाणखान्याचें घरीं कौतुक झालें होतें, त्यांत हाताला धरावयास एक कांब नव्हती. ती एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीवर आदळली आणि तिचें मनगट मुरगळलें. पुढच्या खोलींत निजविलेली सहा वर्षांची मुलगी बुडावर आपटणाऱ्या लाटांच्या आवाजानें रडूं लागली. व्यवहार तेथेंच मोडला.

मग त्यांनीं अरुंद, जड घडणीच्या जुन्या नौका पाहिल्या. प्रत्येकींत सूनबाईची परीक्षा ठरलेली: कलत्या नौकेंत चहा करावयाचा, बिछान्यावर पाव तास पडावयाचें, शौचकूपांत बसून पाहावयाचें, आणि पावलोपावलीं हाताला आधार मिळतो कीं नाहीं तें तपासावयाचें. पुतण्या सुकाणूचा दाब, शीड आखडतें घेण्यास लागणारा वेळ आणि इंजिनावर मागें जाण्याची रीत पाहात असे. जी नौका दोघांना पटली, ती त्यांनीं विक्रेत्याशीं संबंध नसलेल्या तज्ज्ञास दाखविली. त्यानें ती पाण्याबाहेर काढवून बूड ठोकून पाहिलें, कण्याचे बोल्ट व बुडाच्या भोंकांवरील झडपा तपासल्या, आणि डोलकाठीस ताणून धरणाऱ्या पोलादी तारा बदलाव्या लागतील असें लिहून दिलें. तितकी रक्कम किंमतींतून वजा झाली.

नवी नौका आंतून अडचणीची आहे. चौघे निजले म्हणजे कोणाचा तरी पाय कोणाच्या तरी डोक्याशीं येतो, आणि वरच्या बाजूस पाणी अंगावर फार उडतें. केवळ उन्हाळ्यांतील सुटीच्या दिवशीं किनाऱ्याकिनाऱ्यानें फिरावयाचें असतें, तर पहिली रुंद नौकाच योग्य ठरली असती, हें मी प्रांजळपणें सांगतों. नौका चांगली कीं वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोठें जाण्यास, कोणाला घेऊन, हें आधीं ठरवावें लागतें.

वहिनींना सर्व समजावून सांगितलें तेव्हां मीं मुद्दाम 'सुहैली'ची गोष्ट जोडली. बत्तीस फुटांची ती सागवानी नौका आपल्या मुंबईंत, कुलाब्याला बांधली गेली. दिसण्यांत ठेंगणी, चालण्यांत मंद. तींतून रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ रोजीं इंग्लंडहून एकटे निघाले आणि कोठेंही न थांबतां पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजीं, ३१२ दिवसांनीं, परतले. त्या शर्यतीचे स्पर्धक नऊ. प्रवास पुरा करणारे ते एकटेच.

वहिनींनीं सारें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "सूनबाईचें मनगट बरें झालें ना?" बरें झालें, असें मीं सांगितलें. "मग जाऊं देत त्यांना," त्या म्हणाल्या. "जिनें इतकें पारखून घेतलें, ती सांभाळूनही नेईल."