चारच्या उन्हाची सावली

अंगण, गॅलरी, गच्ची : भाग ६

मार्च संपत आला की बावधनपासून हडपसरपर्यंत गच्च्यांवर आणि बंगल्यांच्या अंगणात मोठ्या छत्र्या, गझिबो, शेडनेट दिसायला लागतात. खरेदी बहुतेक वेळा चित्र बघून होते. चार खांब, वर देखणं छप्पर, खाली वेताच्या खुर्च्या. मग संध्याकाळी चहा घेऊन तिथे जावं, तर छपराखाली ऊन आणि सावली पलीकडच्या भिंतीवर! छपरात दोष काहीच नसतो. सूर्य कुठून येतो, एवढंच बघायचं राहून गेलेलं असतं.

पुणं साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला इथे दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर येतो. शाळांमधून शून्य सावलीचा प्रयोग करतात तो याच दिवसांत. त्या वेळी आठ फूट उंचीवरच्या छताची सावली बरोबर त्याच्याखाली पडते. तीन वाजता ती पावणेसहा फूट पूर्वेला सरकलेली असते आणि साडेचारला बारा फूट. म्हणजे दहा बाय दहाच्या गझिबोची जमिनीवरची सावली साडेचारला सगळीच्या सगळी त्याच्या बाहेर गेलेली असते. साडेपाचला हेच अंतर बावीस फुटांपर्यंत जातं. आणि उन्हाळ्यात बाहेर बसावंसं वाटतं ते चारनंतरच.

म्हणून माझं मत पक्कं आहे. पुण्यात छपराआधी पश्चिमेचा आडोसा करावा, उरलेल्या पैशांत छप्पर.

जुन्या बांधकामांत हे शहाणपण उघड दिसतं. वाड्याच्या पडवीचं छप्पर पुढे इतकं उतरतं की वळचणीखालून डोकं सांभाळून आत शिरावं लागतं. तिरपं ऊन अडवते ती ही खाली आलेली कड. १८९२ साली बांधलेल्या आगाखान पॅलेसला चोहोबाजूंनी सुमारे अडीच मीटर रुंदीचा व्हरांडा आहे, त्यामुळे खोल्यांच्या भिंतींवर थेट ऊन कमी पडतं. आपल्याला एवढा व्हरांडा परवडणार नाही, पण तत्त्व उचलता येतं. नवं छप्पर घालणार असाल तर त्याला पश्चिमेकडे उतार द्या आणि ती कड सहा-साडेसहा फुटांवर आणा. पावसाचं पाणीही त्याच बाजूने निघून जाईल.

आडोशासाठी सगळ्यात स्वस्त आणि सोयीची वस्तू म्हणजे बांबूची चिक. मापाप्रमाणे करून घ्यायची तर बुरूड आळीत चौकशी करावी. तीनला सोडायची, सूर्य मावळला की गुंडाळायची, म्हणजे संध्याकाळचा वारा अडत नाही. पावसाळ्यात झड पश्चिमेकडूनच येते, तेव्हा जूनच्या आधी ती काढून कोरड्या जागी ठेवा, नाहीतर बुरशी धरते.

शेडनेट रविवार पेठेत बोहरी आळीत मिळते. ती टक्क्यांवर विकतात, आणि टक्के म्हणजे किती ऊन अडतं त्याचं माप. झाडांसाठी ५० टक्क्यांची पुरते, माणसांना बसायला ७५ किंवा ९० हवी. हिरव्या जाळीखाली माणसांचे चेहरे आणि ताटातला भातसुद्धा हिरवट दिसतो, म्हणून बसायच्या जागेला मी पांढरी किंवा मातकट जाळी सुचवेन. जाळी विणीची आहे का ते जरूर बघा. तिच्यातून वारा आरपार जातो, गरम हवा वर साचत नाही. पत्रा आणि पॉलिकार्बोनेट यांच्याबद्दल थोडक्यात सांगतो: पाऊस अडवायला उत्तम, उन्हाळ्यात खाली बसायला तापदायक.

खरी परीक्षा घेतो तो वळीव. एप्रिल-मेमध्ये दिवसभर हवा हलत नाही आणि चार-पाच वाजता धुळीचा लोट उठतो. त्या पाच मिनिटांत ताणलेलं त्रिकोणी कापड शिडासारखं वारा भरून घेतं आणि तो सगळा ओढा तीन कड्यांवर येतो. गच्चीचा कठडा पुष्कळदा चार इंची विटांचा असतो. तो टेकायला ठीक, पण त्यात हुक ठोकून कापड ताणणं धोक्याचं. खांबासाठी गच्चीला भोकंही पाडू नका. कोब्याला एकदा छेद गेला की खालच्या घराचं छत गळतं आणि सोसायटीत वर्षानुवर्षांचं भांडण उभं राहतं. काँक्रीट भरलेल्या जड कुंड्यांत जीआय पाइप उभे करता येतात, मात्र त्यांचं वजन तुळईवर किंवा भिंतीच्या रेषेवर येईल असं ठेवा. कापड पाच मिनिटांत सोडता आलं पाहिजे, एवढी अट घालून घ्या. गच्चीवर पक्कं छप्पर हा वेगळाच विषय आहे. त्याला सोसायटीची संमती आणि महापालिकेची परवानगी लागते, ती आधी घ्या.

ज्यांना अंगण आहे त्यांनी वेल लावावा. पानांतून पाणी वाफ होऊन जातं, त्यामुळे वेलाखालची हवा जाळीखालच्यापेक्षा गार असते. पश्चिमेच्या जाळीवर मधुमालती झपाट्याने चढते, कृष्णकमळ दाट पडदा धरतं. पाणी देणं जमत नसेल तर बोगनवेल, फक्त काट्यांमुळे ती खुर्च्यांपासून दोन हात लांब असू द्या. हिवाळ्यात दुपारचा सूर्य दक्षिणेला ४८ अंशांपर्यंत उतरतो आणि ते ऊन आपल्याला हवं असतं, म्हणून दक्षिणेला कायमचा वेल नको. तिथे फेब्रुवारीत दुधी किंवा दोडका पेरावा. एप्रिलमध्ये मांडव भरतो, पावसानंतर वेल उपटून टाकता येतो.

मधुमालती या जूनमध्ये लावली तर पुढच्या उन्हाळ्यात तिच्या आडोशाला बसता येईल. तोवर त्याच जाळीला शेडनेट बांधून ठेवा, आणि वेल जसजसा वर येईल तसतशी ती खालून गुंडाळत न्या.

(पुढील भागात : पावसाआधी गच्चीचे उतार आणि पन्हळी)