शेत आपापले, काटा एक

गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या गेटबाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. एका ट्रॉलीतला ऊस बारा गुंठ्यांतला, मागचीतला बारा एकरांतला. काट्यावर दोन्ही एकामागोमाग चढतात आणि दोघांनाही टनाला दर एकच मिळतो. बारा गुंठेवाला हाच ऊस एकट्याने विकायला निघाला असता, तर त्याला कुणी दारातही उभे केले नसते. सहकारी संस्थांबद्दल गावच्या पारापासून शहरातल्या दिवाणखान्यापर्यंत बरेच बोलले जाते. त्यातले काही समज मात्र या काट्यावर घालून पाहण्यासारखे आहेत.

गैरसमज १ : सहकार म्हणजे जमिनी एकत्र करणे

या समजाला इतिहास आहे. जानेवारी १९५९ मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनात संयुक्त सहकारी शेतीचा ठराव झाला. मालकी ज्याची त्याची, पण कसायचे एकत्र, अशी ती कल्पना. चौधरी चरणसिंग यांनी तिला कडाडून विरोध केला आणि शेतकऱ्यांनीही ती मनावर घेतली नाही. हातभर बांधासाठी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात, तिथे दुसरे काय व्हायचे होते?

टिकला तो बांधाबाहेरचा सहकार. कर्ज, खत, दूध संकलन, उसाचे गाळप, मालाची विक्री, म्हणजे जिथे लहान शेतकरी एकटा पडतो आणि नाडला जातो, तिथे संस्था उभ्या राहिल्या. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या कारखान्याने १९५०-५१ मध्ये पहिला हंगाम घेतला. तिथेही सभासदांचे सातबारे त्यांच्याच नावावर राहिले. एकत्र आला तो ऊस.

गैरसमज २ : लहान शेत म्हणजे कमी पीक

अमर्त्य सेन यांनी १९६२ साली एका लेखात याच्या उलट चित्राकडे लक्ष वेधले. पन्नासच्या दशकातल्या शेती व्यवस्थापन पाहण्यांत शेत जितके मोठे, तितके त्याचे एकरी उत्पन्न कमी दिसत होते. घरची माणसे मजुरीचा हिशेब न मांडता लहान तुकड्यावर राबतात, हे त्यामागचे एक मुख्य कारण. यंत्रे आणि भांडवल वाढले तशी ही तफावत अनेक ठिकाणी कमी झाली, पण ‘लहान म्हणजे नालायक’ असे त्यातून सिद्ध होत नाही.

दुसऱ्या टोकाचा समजही तितकाच लोकप्रिय आहे : जगातले सत्तर-ऐंशी टक्के अन्न लहान शेतकरीच पिकवतात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार दोन हेक्टरांहून लहान शेतांचा वाटा सुमारे ३५ टक्के भरतो. मात्र ही शेते जगातल्या शेतजमिनीपैकी जेमतेम १२ टक्के जमिनीवर आहेत, हेही त्याच अभ्यासात आहे.

लहान शेतकऱ्याची खरी अडचण एकरी पिकापेक्षा एकूण मिळकतीची. कृषी गणनेनुसार महाराष्ट्रात १९७०-७१ मध्ये एका खातेदाराकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टरवर आली. वाटण्या होत गेल्या, बांध वाढले. दीड-दोन क्विंटल माल घेऊन बाजारात गेलेल्या माणसाला भाव विचारता येतो, सांगता येत नाही.

गैरसमज ३ : सोसायटी सरकारची असते

गावच्या विकास सोसायटीला लोक सर्रास सरकारी कचेरी समजतात. यात सगळी चूक लोकांची नाही. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात आणि आसपास सावकारांची खतपत्रे जाळली गेली, शेतकऱ्यांच्या कर्जाचा प्रश्न ऐरणीवर आला आणि पुढे १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा केला तो इंग्रज सरकारनेच. या कायद्याखालच्या अगदी सुरुवातीच्या संस्थांपैकी एक १९०५ साली कणगिनहाळला, आजच्या कर्नाटकात पण तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर साखर कारखान्यांत राज्य सरकारने भागभांडवल घातले, कर्जांना थकहमी दिली. सरकारचा हात असा जन्मापासून पाठीवर आहे, आणि कधी कधी मानेवरही.

तरी मालक सभासदच. ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क मूलभूत हक्कांत आणला. त्या दुरुस्तीतला संस्थांच्या कारभाराविषयीचा भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला, कारण हा विषय राज्यांचा आहे आणि राज्यांच्या विधिमंडळांची संमती घेतलेली नव्हती. संस्था काढण्याचा हक्क मात्र कायम आहे.

गैरसमज ४ : ज्याचे शेअर जास्त, त्याचे राज्य

खासगी कंपनीत असे असते. सहकारात एका सभासदाला एकच मत, शेअर कितीही असोत. लाभांशालाही महाराष्ट्रात १५ टक्क्यांची कायदेशीर मर्यादा आहे. संस्थेची कमाई सभासदापर्यंत पोहोचते ती मुख्यतः भावातून. कोल्हापूरकडच्या दूध उत्पादकाला दिवाळीच्या तोंडावर मिळणारा ‘फरक’ हे त्याचे ठळक उदाहरण : वर्षभर जितके दूध घातले, त्या प्रमाणात पैसे. शेअर धरून बसणाऱ्यापेक्षा धार काढणाऱ्याला त्यात जास्त मिळते.

कागदावरचे एक मत प्रत्यक्षात एका गटाच्या, एका घराण्याच्या खिशात जाते, हेही महाराष्ट्राने भरपूर पाहिले आहे.

गैरसमज ५ : एफआरपी जाहीर झाली, तेवढी रक्कम खात्यात

उसाचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजेच एफआरपी, केंद्र सरकार ठरवते आणि तो सहकारी व खासगी दोन्ही कारखान्यांना बंधनकारक असतो. २०२५-२६ साठी तो १०.२५ टक्के साखर उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे. महाराष्ट्रात तोडणी-वाहतूक बहुधा कारखानाच करतो आणि तो खर्च याच रकमेतून वजा होतो. म्हणून जाहीर आकडा आणि बिलाचा आकडा जुळत नाही. पैसे चौदा दिवसांत द्यायचे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज द्यायचे, असे १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. हे व्याज मिळवण्यासाठी शेतकरी संघटनांना वारंवार रस्त्यावर आणि न्यायालयात जावे लागले आहे.

गैरसमज ६ : सहकार संपला, आता कंपन्यांचे दिवस

राज्यातले अनेक सहकारी कारखाने बुडाले, विकले गेले, भाड्याने दिले गेले. आज गाळप करणाऱ्या कारखान्यांपैकी सुमारे निम्मे खासगी आहेत. याच काळात ‘शेतकरी उत्पादक कंपनी’ पुढे आली. नावात कंपनी असली तरी २००२ च्या कायदादुरुस्तीने तिला सहकाराचाच सांगाडा दिला : सभासद फक्त उत्पादक, व्यक्ती सभासद असतील तर प्रत्येकाला एक मत, शेअर बाजारात खरेदी-विक्री नाही. नोंदणी तेवढी सहकार खात्याऐवजी कंपनी कायद्याखाली.

नाशिक जिल्ह्यातल्या मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ हे तिचे गाजलेले उदाहरण. द्राक्षांची निर्यात आणि टोमॅटो प्रक्रिया करणाऱ्या या समूहाला २०२२ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांकडून ३१० कोटी रुपये मिळाले. शेतकऱ्यांच्या मूळ कंपनीत बाहेरच्याला भागीदार होता येत नाही, म्हणून ही रक्कम उपकंपनीत आली. भांडवलाची जी अडचण सोसायट्यांना आहे, ती इथेही सुटलेली नाही. तिला वळसा घातला गेला.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. मांडवात खुर्च्या भरतात, विषयपत्रिका वाचायला सुरुवात होते आणि पहिला विषय पुरा होण्याआधीच मागून ‘मंजूर, मंजूर’चा गजर उठतो. सभासदाच्या हातातल्या अहवालात कर्ज, देणी, तोटा आणि लेखापरीक्षणाचा ‘अ’ ते ‘ड’ यांपैकी मिळालेला वर्ग छापलेला असतो. बहुतेकांचा अहवाल घडी न मोडताच घरी जातो.