असल मोटार, असल भाव : अमेरिकेतील जुन्या ‘मसल कार’चा बाजार

एकाच साली, एकाच कारखान्यातून बाहेर पडलेल्या दोन मोटारी. रंग एक, आतली गादी एक, इंजिनाचा आवाजही एक. तरी लिलावात एकीला दुसरीपेक्षा कितीतरी जादा भाव येतो आणि घेणारा तो खुशीने मोजतो. कारण विचारले तर तो बॉनेट उघडतो आणि इंजिनाच्या पुढच्या अंगाला असलेल्या बोटभर सपाट जागेवर ठोकलेले आकडे दाखवतो. अमेरिकेत जुन्या मोटारी पुन्हा उभ्या करण्याचा जो मोठा धंदा चालतो, त्याची बरीचशी मदार या आकड्यांवर आहे.

आम्ही कापडाचे व्यापारी. इंजिन खोलणे हे आमचे काम नव्हे. पण ताग्याच्या काठावरचा मिलचा छाप खरा की मागाहून मारलेला, हे पाहण्यात आमची उमर गेली. म्हणून हा मामला आम्हाला परका वाटला नाही आणि वाचकांसमोर मांडावासा वाटला.

आधी या मोटारींची हकीकत थोडक्यात सांगतो. मसल कार म्हणजे मध्यम आकाराच्या, बेताच्या किमतीच्या मोटारीत मोठ्या मोटारीचे दणकट इंजिन घालून केलेली वेगवान गाडी. जनरल मोटर्समध्ये त्या काळी अंतर्गत नियम होता की मध्यम मोटारीत ३३० घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही. पाँटियॅक विभागाचे मुख्य इंजिनिअर जॉन डिलोरिअन आणि त्यांच्या साथीदारांनी १९६४ च्या मॉडेलसाठी यातून वाट काढली. वेगळी मोटार न काढता टेम्पेस्ट लेमान्स या मोटारीवर सुमारे ३०० डॉलर जादा भरून मिळणारे ‘पॅकेज’ म्हणून त्यांनी ३८९ घनइंचांचे इंजिन दिले आणि त्याला जीटीओ नाव ठेवले. पहिल्याच साली ३२,४५० गाड्या खपल्या. मग शेवरोले, फोर्ड, डॉज, प्लिमथ असे सगळेच या शर्यतीत उतरले.

हा जोर जेमतेम आठ-दहा वर्षे टिकला. विमा महागला, धुराचे नियम कडक झाले आणि १९७३ मध्ये तेलाची टंचाई आली. जी मोटार तरुण पोरे कर्ज काढून घेत होती, ती मिळेल त्या भावात विकली जाऊ लागली. शर्यतीत इंजिने फुटली की भंगारवाल्याकडून हाती लागेल ते इंजिन बसवून गाडी चालवायची, असा रिवाज होता. त्या वेळी कोणी आकडे पाहत नव्हते. आज मूळ इंजिनासह असलेली मोटार दुर्मिळ आहे, त्याचे कारण हेच. १९७१ सालची हेमी इंजिनाची, उघड्या टपाची प्लिमथ ‘कुडा’ २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. असे नग हातावर मोजण्याइतकेच आहेत. आम्ही पुढे जे सांगणार आहोत, ते त्यामानाने सामान्य मोटारीचे आहे.

१९६९ ची शेवरोले कॅमेरो झेड-२८ घ्या. त्या सालच्या ट्रान्स-ॲम शर्यतीत इंजिन ३०५ घनइंचांपेक्षा मोठे चालत नसे, म्हणून शेवरोलेने ३०२ घनइंचांचे इंजिन बनवले. कागदावर ताकद २९० अश्वशक्ती लिहिली. जाणकारांच्या मते खरी त्याहून जास्त होती. त्या मॉडेल सालात अशा २०,३०२ गाड्या झाल्या. अडचण अशी की झेड-२८ हेही जादा पैसे भरून मिळणारे पॅकेजच होते. चेसिस नंबर एवढेच सांगतो की मोटार कॅमेरो आहे, इंजिन आठ सिलिंडरचे आहे, साल आणि कारखाना अमुक आहे. झेड-२८ चे नाव त्यात नाही. साधी कॅमेरो घ्या, पट्टे रंगवा, नावाचे बिल्ले लावा, इंजिन बदला, आणि बाहेरून झेड-२८ तयार. असे करणारे थोडे नाहीत. आपल्या शौकासाठी करून तसे उघड सांगणाऱ्याला कोणी दोष देत नाही. सवाल विकताना येतो.

ओहायो राज्यातील नॉरवूड कारखान्याने डिसेंबर १९६८ च्या सुमारापासून बॉडीवरच्या पत्र्याच्या पट्टीवर झेड-२८ साठी एक्स-३३ किंवा एक्स-७७ अशी खूण घातली. लॉस एंजेलिसजवळच्या व्हॅन नाइस कारखान्याने ती घातली नाही. तिथल्या मोटारीचा पुरावा कागदातच शोधावा लागतो, आणि अमेरिकेत विकलेल्या एकेका मोटारीची कारखानी नोंद शेवरोलेने जपून ठेवली नाही. पाँटियॅकच्या बाबतीत कंपनीच्या बिलांच्या प्रती जपल्या गेल्या आणि त्यांची नक्कल आजही फी भरून मिळते. फोर्डची १९६७ पासूनची नोंद केविन मार्टी यांच्याकडून अशीच मिळते. शेवरोलेवाल्याला मात्र पेट्रोलच्या टाकीवर किंवा सीटच्या स्प्रिंगांत अडकून राहिलेला कारखान्याचा कागद सापडला तर सापडला. उंदरांनी कुरतडलेला, तेलाने माखलेला तो तुकडा काचेत मढवून ठेवतात. मोटारीबरोबर वॉरंटीच्या पुस्तकात धातूची एक छोटी पट्टी मिळत असे, तिच्यावर इंजिन आणि गिअरबॉक्सचे आकडे उठवलेले असत. ती ज्याच्याकडे टिकली, त्याचे काम सोपे झाले.

आता आकड्यांचे. इंजिनाचा ब्लॉक ओतला तेव्हाच त्यावर तारीख उठवलेली असते. महिन्याला ए ते एल अक्षरे, मग दिवस, मग सालाचा शेवटचा आकडा. ‘सी १४ ९’ म्हणजे १४ मार्च १९६९. (९ हा १९५९ चाही असू शकतो आणि १९७९ चाही, म्हणून ओतकामाचा नंबरही ताडून पाहायचा.) पुढे इंजिन जुळवल्यावर त्या सपाट जागेवर दुसरा शिक्का येतो, जसे ‘व्ही ०३२५ डीझेड’. यात व्ही म्हणजे फ्लिंटचा कारखाना, ०३२५ म्हणजे २५ मार्च, आणि डीझेड म्हणजे १९६९ च्या झेड-२८ चे ३०२ इंजिन. त्याच्या शेजारी मोटारीच्या चेसिस नंबरातले शेवटचे आकडे असतात. तेव्हा ही मोटार एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाहेर पडली असेल तर हिशोब बसतो. आधी ओतकाम, मग इंजिन, मग मोटार. हा क्रम उलटा पडला की समजावे, माल बदललेला आहे.

हीच तपासणी गिअरबॉक्स, मागचा ॲक्सल, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो, रेडिएटर, काचा अशी शेवटपर्यंत चालते. या मोटारीचा होली कंपनीचा कार्ब्युरेटर ४०५३ नंबरचा हवा, आणि त्यावर तीन आकडी तारीख: पहिला आकडा साल, दुसरा महिना, तिसरा आठवडा. ९२३ म्हणजे फेब्रुवारी १९६९ चा तिसरा आठवडा. मोटार फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तयार झाली असेल तर हा कार्ब्युरेटर कितीही सुंदर असो, तो तिचा नव्हे. फोर्डचे नंबर वाचायला सोपे. पहिले अक्षर दशकाचे, सी म्हणजे १९६० चे दशक, मग साल, मग मोटारीची जात, झेड म्हणजे मस्टँग. पण तो नंबर भाग प्रथम आखला गेला ते साल सांगतो, प्रत्यक्ष कधी बनला ते नाही. इथे नवखे बरेच फसतात.

आणि एक गोष्ट अशी की तिच्यात भला माणूसही बुडतो. जुने इंजिन दुरुस्तीला दिले की मशीनशॉपचा कारीगर ब्लॉकचा वरचा पृष्ठभाग सपाट करण्यासाठी त्यावरून मशीन फिरवतो. शिक्क्याची जागा त्याच पातळीत असते. मालकाने आधी बजावले नाही तर पाच मिनिटांत आकडे साफ. इंजिन तेच, मोटार तीच, दाखवायला मात्र काही उरत नाही. मग पुन्हा आकडे ठोकून घेण्याचा मोह होतो. लबाड लोक तर परक्या ब्लॉकवर मुद्दाम हेच करतात. पण कारखान्याच्या मूळ यंत्राने त्या जागेवर बारीक समांतर रेघा उमटवलेल्या असतात. परीक्षक भिंग घेऊन आधी रेघा पाहतो, आकडे मागाहून. रेघा गेलेल्या आणि आकडे ताजे दिसले की बोलणे तिथेच थांबते. आमच्या मते अशा मालकाने मशीन फिरवण्याआधी शिक्क्याचे साक्षीदारांसमोर फोटो काढून ठेवावेत आणि पाट्याची ती बाजू न घासण्याचे लेखी घ्यावे. वॉरंटीत कंपनीनेच बदलून दिलेल्या इंजिनावर ‘सीई’ असा शिक्का असे. ते मूळ नव्हे, पण त्यात लाज नाही. तसे सांगून विकणाऱ्याला गिऱ्हाईक मिळते.

सुटे भाग कुठून येतात? पेनसिल्व्हेनिया राज्यात हर्शी येथे दर ऑक्टोबरात जुन्या मोटारींचा प्रचंड बाजार भरतो. त्याच राज्यात कार्लाईल येथे १९७४ पासून असाच बाजार आहे. मैदानात रांगाच्या रांगा आणि जमिनीवर ताडपत्री टाकून मांडलेले गंजके लोखंड. त्यात सर्वात महाग माल म्हणजे ‘एनओएस’, म्हणजे कंपनीच्या डब्यात न उघडता पडून राहिलेला त्या काळचा कोरा भाग. कापडबाजारात पडीक माल आम्ही निम्म्या भावात काढतो. तिथे पडून राहण्याचीच किंमत. पण डबा बंद आहे म्हणून भाग बरोबरच असेल असे नाही. कंपनीने तोच नंबर ठेवून नंतरच्या सालात काढलेल्या भागात भोके, घडी किंवा मुलामा बदललेला असतो. म्हणून पुष्कळ जण खरा, वापरलेला, योग्य तारखेचा भाग घेऊन तो दुरुस्त करणे पसंत करतात.

त्याखालोखाल नव्याने केलेली नक्कल. जनरल मोटर्स आणि फोर्ड या कंपन्या त्यासाठी परवाने देतात, आणि आज १९६९ च्या कॅमेरोची अख्खी बॉडीसुद्धा नव्या पत्र्याची मिळते. नक्कल वाईट नव्हे. दारे गंजून गेली असतील तर काय करणार? फक्त बिलात ‘नक्कल’ लिहिलेले असावे.

आता आमचा प्रांत. या मोटारींच्या गालिच्याचा धागा त्या काळी ८० टक्के रेयॉन आणि २० टक्के नायलॉन असा मिश्र असे, विणीला न कापलेले फासे. त्यानंतर १९७० च्या दशकात कापलेल्या फाशांचा, मखमलीसारखा गालिचा आला. तो दिसायला सरस, पण १९६९ च्या मोटारीत टाकला तर चूक. सीटला १९६९ मध्ये हाउंडस्टूथ नावाचे तुटक चौकड्यांचे कापड मिळत असे. इंडियानापोलिस शर्यतीच्या पांढऱ्या पेस-कारमध्ये तेच कापड नारिंगी-काळे होते. चौकडा किंचित लहान-मोठा झाला, नारिंगीत पिवळसर झाक जास्त आली, की पारखी नजर लगेच पकडते. पंचवीस-तीस वर्षे उन्हात विटलेल्या नमुन्यावरून रंग जुळवला तर तो मूळ रंग नव्हेच. सीटखाली दबलेला, ऊन न लागलेला तुकडा काढून त्यावरून जुळवावा. आमच्याकडे रंगारी हेच करतो. बाह्या उलटून शिवणीतला रंग पाहतो.

रंगाचीही तीच गत. जनरल मोटर्स तेव्हा ॲक्रिलिक लॅकर वापरत असे. आजचा रंग त्यावर चढवला की आरशासारखी चमक येते, जी कारखान्यातून कधीच निघाली नव्हती. कारखान्यात पत्र्याच्या खालच्या बाजूला रंगाचे शिंतोडे उडत, तपासनीस खडूने खुणा करीत, सांधे वाकडे राहत. कसून न्याय करणाऱ्या परीक्षकांपुढे ‘कारखान्याहून चांगली’ मोटार नेली तर गुण कापले जातात. त्यामुळे आज कारीगर मुद्दाम शिंतोडे उडवतो आणि खडूच्या रेघा मारतो, जुने फोटो पुढ्यात ठेवून.

एक धोका कायद्याचाही आहे. चेसिस नंबरची पट्टी खास फुलाच्या आकाराच्या रिव्हेटांनी बसवलेली असते. रंगकामासाठी ती काढून पुन्हा लावण्याची चाल पुष्कळ दुकानांत होती. कॅन्सस राज्यात एका माणसाने ५० हजार डॉलरला घेतलेली १९५९ ची कॉर्वेट २०१७ मध्ये नोंदणीच्या तपासणीत अडकली. पट्टी मागाहून बसवलेली दिसली म्हणून राज्याच्या पोलिसांनी मोटार जप्त केली. माणूस निर्दोष, खरेदी उजेडात झालेली, तरी वर्षानुवर्षे कोर्ट. अखेर २०२२ मध्ये राज्याने कायदा बदलून जुन्या मोटारींना दुरुस्तीपुरती सवलत दिली. इतर राज्यांत तरतूद वेगवेगळी आहे, तेव्हा पट्टीला हात न लावता भोवती कागद चिकटवून रंगवणे हेच शहाणपणाचे.

राहिले टायर. त्या काळचे तिरप्या दोऱ्यांचे, पांढऱ्या उठावदार अक्षरांचे गुडइयर टायर आज परवाना घेऊन नव्याने ओतले जातात, त्याच साच्याच्या नमुन्यावर. दिसायला हुबेहूब, पण ओल्या रस्त्यावर भरवशाचे नाहीत. म्हणून जाणते मालक दोन जोड ठेवतात. एक चाकांसकट गॅरेजच्या भिंतीला टेकवलेला, प्रदर्शनाचा. आणि दुसरा आजच्या रेडियल टायरचा, ज्यावर रविवारी सकाळी मोटार बाहेर निघते.